छत्रीवरचा कागद: आजच्या चीनचा अभ्यासक घडतो कसा

शांघाय शहराच्या मध्यावर पीपल्स पार्क नावाची बाग आहे. शनिवार-रविवारी दुपारी तिच्या एका कोपऱ्यात उघड्या छत्र्या जमिनीवर ओळीनं मांडलेल्या दिसतात. पाऊस नसला तरीही. प्रत्येक छत्रीवर चिमट्यानं एक कागद लावलेला असतो आणि छत्रीमागे साठीच्या आसपासची आई किंवा वडील बसलेले असतात. कागदावर त्यांच्या मुलाची किंवा मुलीची माहिती. नाव बहुधा नसतंच, फोटोही क्वचित. मजकूर साधारण असा: मुलगी, जन्म 1990, उंची 1.63 मीटर, पदव्युत्तर शिक्षण, परदेशी कंपनीत नोकरी, शांघायचं हुखौ, स्वतःचं घर. अपेक्षा: जन्म 1984 नंतरचा, उंची 1.75 च्या वर, शांघायचं हुखौ, लग्नासाठी घर तयार, स्वभाव शांत.

वधू-वर मेळाव्यातले बायोडेटा पाहात मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा कागद वाचायला दहा सेकंद पुरतात. पत्रिका आणि जात वगळली तर सगळं तेच की, असं म्हणून तो पुढच्या छत्रीकडे वळेल. हाच कागद नीट समजायला मात्र दहा वर्षं लागू शकतात, आणि ती दहा वर्षं घालवण्यालाच 'समकालीन चिनी संस्कृती आणि समाज' या विषयातलं करिअर म्हणतात. नाव लांबलचक आहे. काम काय, ते या कागदावरूनच सांगण्याचा प्रयत्न करतो आहे, कारण आपल्याकडे 'चायनीज शिकतोय' म्हटलं की लोक एक तर दुभाष्याची नोकरी गृहीत धरतात, नाही तर सीमावादाबद्दल विचारायला लागतात.

'शांघायचं हुखौ' या दोन शब्दांपासून सुरुवात करू. हुखौ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. जानेवारी 1958 मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक चिनी माणूस एका गावाशी किंवा शहराशी, शेतकरी किंवा बिगरशेतकरी अशा शिक्क्यासह बांधला गेला. त्या काळात शहरातलं धान्य, घर, नोकरी, दवाखाना हे सगळं त्या नोंदीवर मिळायचं. नोंद गावची असेल तर शहरात जाऊन राहणं जवळजवळ अशक्यच. 1980 नंतर कारखाने उभे राहिले, माणसं हवी झाली आणि लोक शहरांत आले, पण नोंद गावीच राहिली. शेतकरी-बिगरशेतकरी हा भेद मोडायचं सरकारनं 2014 मध्ये जाहीर केलं. तरी शांघाय किंवा बीजिंगसारख्या महानगराची नोंद मिळवणं आजही महाकठीण आहे. 2020 च्या जनगणनेत नोंदीचं गाव सोडून दुसरीकडे राहणारे 'तरंगते' लोक 37 कोटी 58 लाख निघाले. त्यातल्या पुष्कळांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची काओखाओ ही परीक्षा आजही नोंदीच्या प्रांतात परत जाऊन द्यावी लागते. म्हणजे 'शांघायचं हुखौ' ही अट नुसत्या वर्तमानाची नाही. अजून जन्माला न आलेल्या नातवंडाच्या शाळेचा आणि परीक्षेचा विचार त्यात झालेला आहे.

आता 'घर'. पूर्वी चिनी शहरात घर विकत घेण्याचा प्रश्नच येत नसे. तुमची 'तानवेइ', म्हणजे तुम्ही जिथे काम करता ती सरकारी आस्थापना, खोली द्यायची. 1998 मध्ये हे वाटप थांबलं, घरं बाजारात आली आणि पुढच्या वीस वर्षांत किमती आभाळाला टेकल्या. मुलाच्या आईवडिलांनी घर घेऊन ठेवायचं, ही अट या काळात घट्ट झाली. तिसरी गोष्ट कागदावर लिहिलेलीच नाही: 1990 साली शहरात जन्मलेली ही मुलगी बहुधा आईवडिलांचं एकुलतं एक अपत्य आहे. एका मुलाचं धोरण 1980 च्या सुमारास आलं आणि 2015 च्या अखेरीपर्यंत राहिलं. बागेत बसलेल्या आईला दुसरी संधी नाही. तिच्या बसण्यातली ती घाई तिथूनच येते.

इथवरचं सगळं ग्रंथालयात बसूनही कळतं. खरी गंमत पुढे आहे. जनगणना सांगते की चीनमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे 3 कोटी 49 लाखांनी जास्त आहेत. म्हणजे तुटवडा मुलींचा हवा. आणि बागेत जाऊन पाहावं तर कागद मुलींचेच जास्त! मग आकडे खोटे की बाग खोटी?

दोन्ही खरे आहेत. बायकोनं नवऱ्यापेक्षा शिक्षणात-पगारात थोडं खालीच असावं ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. त्यामुळे उतरंडीच्या तळाला, दूरच्या गावांतले गरीब पुरुष बिनलग्नाचे राहतात आणि वरच्या टोकाला शहरातल्या उच्चशिक्षित मुली. या दोघांची गाठ कधी पडतच नाही. अशा मुलींसाठी 'शंग-न्यू' असा शब्द निघाला. अर्थ सरळ आणि क्रूर: उरलेली बाई. 2007 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयानं तो नव्या शब्दांच्या यादीत घेतला. कोट्यवधी जास्तीच्या पुरुषांच्या देशात शिकलेल्या बाईला 'उरलेली' म्हटलं जातं, हे का आणि कुणाच्या सोयीसाठी, असा प्रश्न पडणं म्हणजेच या विषयाची सुरुवात. आकडा एक सांगतो, डोळ्यांना दुसरं दिसतं, आणि या दोहोंमधल्या फटीत अभ्यासक आपला तंबू ठोकतो.

ग्रंथांकडून माणसांकडे

युरोपात चीनचा अभ्यास विद्यापीठात आला तो ग्रंथांच्या वाटेनं. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये 1814 मध्ये चिनी भाषेचं अध्यासन सुरू झालं. ते अभ्यासक कन्फ्यूशियसची वचनं वाचत आणि बौद्ध ग्रंथांचे अर्थ लावत, पण जिवंत चिनी माणसाला भेटण्याची त्यांना फारशी गरज पडत नसे. आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा होती आणि ती मोठी होती. धर्मानंद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट यांनी पालीतला 'विसुद्धिमग्ग' आणि चिनी भाषांतरातच पूर्ण टिकलेला 'विमुत्तिमग्ग' यांची ओळ-ओळ तुलना पुण्यात बसून केली आणि 1937 मध्ये ती छापली. त्याच वर्षी शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या कष्टानं चीना भवन उभं राहिलं.

आजच्या चीनचा, म्हणजे रेशनच्या रांगेतल्या, कारखान्यातल्या, मोबाइलवर व्हिडिओ बघणाऱ्या चीनचा अभ्यास ही वेगळी शाखा 1949 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली त्यानंतर वाढली. आणि वाढली तीही दार बंद असताना. परदेशी अभ्यासकांना चीनमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं. मग 1963 मध्ये हाँगकाँगमध्ये एक केंद्र निघालं. सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांना तिथे बसवून तासन्‌तास विचारायचं: तुमच्या गावात किती घरं, सामूहिक शेतीत कामाचे गुण कसे मोजत, लग्न कोण ठरवत होतं? एकेका गावाचं चित्र अशा आठवणींतून, एकदाही त्या गावी न जाता उभं केलं गेलं. मला त्या पिढीबद्दल फार आदर आहे. दार बंद आहे म्हणून त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही.

भारतात या अभ्यासाला धक्का देऊन जागं केलं ते 1962 च्या युद्धानं. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात चीनच्या अभ्यासाचं केंद्र झालं, त्याच वर्षी 'चायना रिपोर्ट' हे नियतकालिक निघालं, पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषा आणि अभ्यास दोन्ही वाढले. पण जन्मच युद्धाच्या जखमेतून झाल्यामुळे प्रश्नही तेच राहिले: सैन्य, सीमा, पक्ष, व्यापार. ते महत्त्वाचे आहेतच. पण 140 कोटींचा शेजारी आपल्या म्हाताऱ्या आईला कोण सांभाळणार हे कसं ठरवतो, गावी आजीकडे ठेवलेल्या पोराला शहरातून फोनवर काय सांगतो, हे सांगू शकणारी माणसं भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ही उणीव मला मनापासून लागते. आपल्याला चीन म्हणून डॉ. कोटणीस आठवतात, नाही तर बासष्ट. मधली सगळी माणसं गायब.

एका अभ्यासकाची गोष्ट

या क्षेत्रात यायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी फेइ श्याओथोंग यांची गोष्ट सांगतो. ते 1910 मध्ये जन्मले, 2005 मध्ये गेले. 1935 मध्ये नवपरिणीत पत्नी वांग थोंगह्वेइ यांच्यासोबत ते क्वांगशी प्रांतातल्या याओ लोकांच्या डोंगरात पाहणीसाठी गेले. वाटेत चुकून फेइ वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडले आणि जबर जखमी झाले. मदत आणायला एकटीच धावलेली पत्नी परत आलीच नाही. काही दिवसांनी ओढ्यात तिचा मृतदेह सापडला.

जखमा भरण्यासाठी फेइ 1936 च्या उन्हाळ्यात थाइहू सरोवराजवळच्या खाइश्येनकोंग या गावी गेले. त्यांची बहीण तिथल्या शेतकऱ्यांबरोबर रेशमाचा सहकारी कारखाना चालवण्याच्या कामात होती. आराम करायला गेलेला माणूस गाव बघू लागला: कुठल्या घरी किती रेशीमकिडे, सावकाराचं व्याज किती, मुलगी सासरी जाताना काय नेते, पाण्याची पाळी कशी ठरते. ती टिपणं घेऊन ते लंडनला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाकडे गेले आणि 1939 मध्ये त्या गावावरचं पुस्तक इंग्रजीत आलं. तोवर मानववंशशास्त्रज्ञ बहुतेक करून दूरच्या बेटांवरच्या 'आदिम' लोकांकडे जात. स्वतःच्या देशातलं, शेती आणि बाजार असलेलं गाव अशा बारकाईनं पाहणं ही नवी गोष्ट होती.

फेइंची एक कल्पना आजही पहिल्या वर्षाला शिकवली जाते. ते म्हणतात, पाश्चात्य समाज काड्यांच्या पेंढ्यांसारखा असतो: प्रत्येक काडी कुठल्या तरी पेंढीत बांधलेली, आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट. चिनी समाज म्हणजे तळ्यात दगड टाकल्यावर उठणारी वर्तुळं. मध्ये मी, मग घर, भावकी, गाव, आणि जसजसं दूर जावं तसतशी लाट फिकी होत जाते. प्रत्येकाचं केंद्र वेगळं. एकाच माणसाशी आज जवळचं नातं, उद्या लांबचं. क्वान्शी, म्हणजे ओळखीपाळखीचं जाळं, या शब्दाचा उलगडा या एका चित्रानं जितका होतो तितका दहा व्याख्यांनी होत नाही. भाऊबंदकी, सोयरीक, गाववाले हे शब्द तोंडी असलेल्या आपल्या माणसाला तर ते पटकन भिडतं. पण इथेच सावध राहायला हवं. आपलं जातीचं वर्तुळ माणसागणिक बदलत नाही, फेइंचं बदलतं. सारखेपणाच्या मोहात पडलेला अभ्यासक पहिल्याच वर्षी घसरतो.

पुढचं ऐका. 1952 मध्ये चीनमधल्या विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला गेला. क्रांती झाली, आता समाजाच्या प्रश्नांना वेगळं शास्त्र कशाला, असा विचार. 1957 मध्ये फेइ पुन्हा त्या गावी गेले आणि नुसत्या धान्यावर शेतकऱ्याचं भागत नाही, घरगुती जोडधंदे परत आणा, असं त्यांनी लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्यावर 'उजवा', म्हणजे पक्षविरोधी, असा शिक्का बसला. वीसेक वर्षं त्यांना काम करता आलं नाही. 1979 मध्ये विषय परत सुरू करायचं ठरलं तेव्हा ती जबाबदारी याच माणसावर आली. सत्तरीला टेकलेले फेइ तरुण पोरांना पहिल्यापासून शिकवू लागले, आणि 1981 मध्ये तिसऱ्यांदा खाइश्येनकोंगला गेले. आयुष्यभरात वीसहून जास्त वेळा ते त्या एका गावी गेले. गावाला एकदा भेट दिलेल्या माणसाकडे प्रवासवर्णन असतं. पंचेचाळीस वर्षांनी त्याच घरांची दारं ठोठावणाऱ्याकडे मात्र बदल कसा घडतो हे सांगण्याचा अधिकार येतो.

भाषेची पायरी

करिअरची सुरुवात भाषेपासून होते आणि भाषा कधी संपत नाही. रोजच्या वापरासाठी साधारण साडेतीन हजार चित्राक्षरं लागतात. बोलण्याचं म्हणाल तर मराठी माणसाला एक वरदान आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. चिनी भाषेत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हा फरक अर्थ बदलतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याची तिथे त्रेधा उडते, आपल्याला तो कानाला आपोआप कळतो. रोमन लिपीत 'के' दिसतो तिथे चिनी माणूस ख म्हणतो, म्हणून वर मी हुखौ लिहिलं. शिवाय 'चार'मधला च आणि 'चोर'मधला च हे दोन वेगळे आहेत हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. तो दुसरा, दातांवरचा च चिनी भाषेत जसाच्या तसा आहे. हिंदी भाषक मित्र तिथे अडखळतात.

सुरांपुढे मात्र सगळे सारखेच. 'माय' हा उच्चार आवाज खाली नेऊन वर आणला तर विकत घेणं, आणि धाडकन खाली टाकला तर विकणं. मंडईत पिशवी हातात धरून मी एका भाजीवालीला 'मला तीन कांदे विकायचे आहेत' असं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं. तिनं माझ्या रिकाम्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे सूर दुरुस्त करून दिला. असे शिक्षक वर्गात मिळत नाहीत.

भाषा 'आली' असं वाटायला लागतं तेव्हा बागेतल्या आजी शांघायच्या बोलीत एकमेकींशी बोलू लागतात आणि आपल्याला काहीही कळत नाही. वर्गात शिकवतात ती फुथोंगह्वा, म्हणजे प्रमाण बोली. कोकणात जाऊन पुस्तकी मराठीत मालवणी माणसाची मुलाखत घेण्यासारखंच हे, फक्त अंतर त्याहून कितीतरी जास्त. शांघायची बोली बीजिंगच्या माणसाला समजत नाही. म्हणून मुरलेला अभ्यासक एक प्रांत धरतो आणि तिथली बोली कानात मुरवतो.

पीएचडी आणि 'फील्ड'

पीएचडीची पहिली दोन-एक वर्षं वाचनात आणि प्रश्न घडवण्यात जातात. 'चीनमधल्या स्त्रिया' हा प्रश्न नव्हे. 'मुलीच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटच्या कागदावर नाव कुणाचं लागतं आणि ते घरात कोण ठरवतं' हा प्रश्न. तो जितका लहान तितका खोल जातो.

मग एखादं वर्ष फील्डवर. इथे कागदपत्रांचा वेगळाच संसार असतो. एखाद्या चिनी विद्यापीठानं पाहुणा म्हणून स्वीकारावं लागतं, त्याशिवाय व्हिसा नाही. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी उतरलात तर 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची. लहान गावात जायचं तर ओळखपत्र, शिफारस, आणि परदेशी लोकांचं काम पाहणाऱ्या स्थानिक कचेरीची संमती. संमतीबरोबर कधी कधी एक अधिकारीही मुलाखतीला येऊन बसतो, आणि मग गावात सगळं उत्तम चालल्याचंच ऐकायला मिळतं. तेही टिपून घ्यायचं. माणूस कुणासमोर काय बोलतो हीसुद्धा माहितीच आहे. खरं बोलणं सुरू होतं ते चौथ्या-पाचव्या भेटीत, चहाच्या तिसऱ्या पेल्यानंतर, वही बंद केल्यावर. रात्री खोलीवर येऊन आठवेल ते सगळं लिहून काढायचं. दिवसाला दोन तास ऐकणं आणि चार तास लिहिणं, असा तो हिशोब.

आणि जबाबदारी. तुम्ही विमानात बसून परत येता, तो माणूस तिथेच राहतो. म्हणून गावाचं नाव बदलायचं, वय थोडं मागेपुढे करायचं, मुलाखती चिनी ॲपवर पाठवायच्या नाहीत, आणि एखादी उत्तम गोष्ट छापल्यानं सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर ती सोडून द्यायची. माझ्या मते या क्षेत्रातला चांगला-वाईट अभ्यासक इथेच वेगळा होतो. त्यानं न छापलेलं कधी कुणाला दिसत नाही, तरीही.

मोबाइलमधलं गाव

जानेवारी 2023 पर्यंत जवळपास तीन वर्षं कोविडमुळे चीनचं दार बंद होतं. त्या काळात पीएचडीला असलेल्या पिढीचे फार हाल झाले. अनेकांनी विषय बदलले, अनेकांनी पडद्यावरचा चीन वाचायला घेतला. तो वाचणंही सोपं नाही. एक शब्द घेऊ: 'नेइच्वान', शब्दशः आतल्या आत वळत जाणं. मुळात हा मानववंशशास्त्रातला शब्द. जावा बेटावरच्या भातशेतीबद्दल 1963 मध्ये मांडलेली कल्पना: त्याच जमिनीवर जास्तीत जास्त हात राबतात, पण माणशी पदरात पडणारं वाढत नाही. पुढे ती चिनी शेतीच्या इतिहासाला लावली गेली. आणि 2020 मध्ये एकदम तरुणांच्या तोंडी आली. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठातला एक विद्यार्थी सायकल चालवता चालवता हँडलवर लॅपटॉप उघडून बसला आहे, असं चित्र सगळीकडे फिरलं, आणि लोक म्हणाले, हेच ते नेइच्वान. सगळेच जास्त धावतात, पुढे कुणीच जात नाही. पुढच्याच वर्षी त्याला उत्तर म्हणून 'थांगफिंग' आलं, म्हणजे आडवं पडून राहणं: घर नको, लग्न नको, मूल नको, पोटापुरतं काम करू. ज्या पोस्टवरून हा शब्द पसरला ती थोड्याच काळात पुसली गेली.

म्हणून हे अभ्यासक दिसेल ते लगेच जतन करून ठेवतात. उद्या ते नसेल. एखादा शब्द कधी आला, कुणी हसत वापरला, कुणी रडत, आणि कुठल्या दिवशी गायब झाला, या नोंदीतून एका पिढीचा थकवा मोजता येतो. छत्रीमागची आई आणि आडवं पडलेला तरुण ही एकाच घरातली दोन माणसं आहेत, हे तेव्हा लक्षात येतं.

पण पडदा पुरत नाही. आणि कागदपत्रांचे दरवाजेही पुन्हा बंद होऊ लागले आहेत. शोधनिबंधांच्या सर्वात मोठ्या चिनी डेटाबेसमधल्या काही विभागांवर एप्रिल 2023 पासून परदेशी वाचकांसाठी बंधनं आली. हाँगकाँगचं ते जुनं केंद्र 2021 मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून उरलं नाही. मार्च 2021 मध्ये बर्लिनच्या एका चीन-अभ्यास संस्थेवर आणि न्यूकॅसल विद्यापीठात वायव्य चीनमधल्या मुस्लिम उइगुर समाजाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकेवर चीन सरकारनं निर्बंध घातले. ज्या समाजाला आयुष्य दिलं तिथे जाताच येऊ नये, ही या व्यवसायातली खरीखुरी भीती आहे. ती अनेकांची लेखणी आखडते, आणि त्यांना दोष देणं मला जड जातं. दुसऱ्या बाजूनं, चिनी माणसाबद्दल आपुलकीनं लिहिलं की आपल्याकडे 'त्यांचा माणूस' म्हणून शिक्का बसायला वेळ लागत नाही.

पोटापाण्याचं

आता जे घरचे लोक विचारतात ते. भारतात कॉलेजात शिकवायचं तर सहसा नेट ही परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात चिनी हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पण जागा कमी. त्यातही अडचण अशी की भाषेच्या विभागात गेलं तर ते म्हणतात तुमचं काम समाजशास्त्राचं, आणि समाजशास्त्रात गेलं तर ते म्हणतात तुम्ही भाषेचे. दोन्ही दारांत उभं राहावं लागणं हा या क्षेत्राचा जन्मजात गुण आहे. उपाय एकच: पदवी पक्क्या एका शास्त्रातली ठेवायची, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास, काहीही, आणि भाषा त्याच्या जोडीला इतकी घासायची की दुभाषा लागू नये.

परदेशात 'समकालीन चिनी संस्कृती आणि समाज' अशा नावानंच जागा निघतात. तिथे शिकवणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहणं, निधीसाठी अर्ज लिहिणं आणि स्वतःचं संशोधन हे सगळं एकट्यानं ओढायचं असतं. अमेरिकेत कायम होण्याआधी साधारण सहा वर्षांची परीक्षा असते. जर्मनीत पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांपर्यंतच मुदतीच्या नोकऱ्या करता येतात, असा कायदा आहे. चाळिशीपर्यंत शहरं बदलत राहण्याची तयारी हवी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यांना प्राध्यापक व्हायचं नसतं आणि तसं व्हावंही लागत नाही. 1947 मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत वसंत परांजपे होते. पुढे परराष्ट्र सेवेत त्यांनी नेहरूंच्या चीन भेटीत दुभाष्याचं काम केलं. पत्रकारिता, भाषांतर, धोरण संस्था, उद्योग, सगळीकडे अशी माणसं हवी आहेत. पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. आज विशीत असलेल्या कुणाला या वाटेनं जायचं असेल तर निघायला ही वेळ बरी आहे.

बागेत पहिल्यांदा जाल तेव्हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही, तुम्हाला विचारले जातील. कुठून आलात, वय काय, लग्न झालं का, पगार किती, भारतात मुलीकडचे पैसे देतात हे खरं का? सगळ्यांची उत्तरं द्यायची. मीही दिली. मग एका छत्रीमागच्या आजींना मी विचारलं, कागदाचा फोटो घेऊ का? त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढे वाकल्या, कागदाच्या तळाशी लिहिलेल्या फोन नंबरावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि म्हणाल्या, "घे आता."

त्या फोटोत अर्धा अंगठा आहे. तो कापून टाकण्याची मला कधी इच्छा झाली नाही.